वजनकाट्यासमोरचा वड

वणीत कुणी सुचित्राबाईंना विचारलं, की तुमचा साकेत सध्या काय करतो, तर त्या पदर सावरत सांगायच्या, "काट्यावर आहे." त्यात खोटं काही नव्हतं. चंद्रपूरच्या रस्त्याला एका कोळसा वाहतूकदाराचा वजनकाटा आहे. ट्रक येतो, काट्यावर चढतो, खिडकीतून चिठ्ठी निघते, ट्रक उतरतो. त्या खिडकीच्या आत बी.कॉम. झालेला साकेत कितीतरी वर्षं बसला होता. मात्र सुचित्राबाई अर्धंच सांगत. उरलेलं अर्धं हे, की त्यांच्या या छत्तिशीतल्या, लग्न झालेल्या, चष्मा लागलेल्या मुलानं झाडांचा डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, आणि हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगावं ते त्यांना अजून सुचलेलं नव्हतं.

घराणं कारकुनांचं. साकेतचे वडील कमलाकरराव तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. आजोबा पोस्टात, काका कोर्टात. या घरात मूल बोलायला लागायच्या आधी त्याला सही कुठे करायची ते कळतं, असं साकेतची बायको प्राची म्हणायची. ती मारेगावच्या शाळेत शिक्षिका, रोज बसनं जाऊन-येऊन घर चालवणारी, त्यामुळे तिला एवढं बोलायचा हक्क होता. झाडाशी या घराचा संबंध म्हणाल तर अंगणातल्या कडुनिंबापुरता. कमलाकरराव दर दिवाळीला त्याला कमरेपर्यंत चुना फासत आणि वर गेरूचा पट्टा ओढत, हायवेवरच्या झाडांना ओढतात तसा. झाड यांचं की बांधकाम खात्याचं, असा प्रश्न पाहुण्याला पडावा.

अशा घरात हे खूळ शिरलं कुठून? तर नागपूरहून. साकेत एकदा मालकाच्या कामाला तिकडे गेला असताना एका बंगल्यापुढच्या मोठ्या शिरीषाच्या झाडात त्याला एक माणूस दोरावर लटकलेला दिसला. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टे, हातात करवत. तो फांदीवर बसून फांदी तोडत नव्हता. आधी खालून एक छोटा काप घेत होता, मग वरून कापून फांदी हलकेच दोरानं खाली सोडत होता, नि शेवटी उरलेला खुंट निगुतीनं काढत होता. साकेत तिथे इतका वेळ मान वर करून उभा राहिला की त्याची बस गेली. तो माणूस खाली आला तेव्हा साकेतनं त्याला चहा पाजला. नाव धर्मपाल. आधी इलेक्ट्रिक फिटर होता, आता झाडांवर इलाज करतो आणि शहराबाहेरच्या एका छोट्या संस्थेत पोरांना शिकवतो. माणूस चाळिशीच्या जवळ येऊन धंदा बदलू शकतो, हे साकेतनं त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

घरी येऊन त्यानं जेवताना विषय काढला. सुचित्राबाईंचा वाढता हात थांबला. कमलाकररावांनी घास संपवला, पाणी प्यायलं, आणि या घरात विचारला जातो तोच प्रश्न विचारला.

"त्याचा कागद कोनता?"

झालं. त्या प्रश्नापाठोपाठ साकेत कागदाच्या शोधात निघाला, आणि कारकुनाचं पोर शोधात निघालं की कसं निघतं ते विचारू नका. पहिला कागद सापडला तो बागकामाच्या पदविकेचा, पोस्टानं शिकायचा. कमलाकरराव त्यावर खूश, कारण शासनमान्य. पुस्तिकांचा गठ्ठा आला, साकेतनं पाठ करून परीक्षा दिली, चांगल्या मार्कांनी पास झाला. आता त्याला गुलाबाचं डोळा भरून कलम करता येत होतं आणि हिरवळीला खत किती घालायचं ते सांगता येत होतं. वणीत हिरवळ कुणाकडे होती? दुसरा कागद एका करवतीच्या कंपनीचा: यंत्र सुरू कसं करायचं, साखळी घट्ट कशी करायची, पायावर कशी पाडायची नाही. तिसरा परदेशातल्या परीक्षेचा, जगात चालणारा. पण त्या परीक्षेला बसायला तीन वर्षं झाडांवर काम केल्याचा अनुभव लागे, आणि अनुभव लागायचा तर कुणीतरी झाडावर चढू द्यायला हवं, आणि चढू द्यायचं तर आधी परीक्षा पास हवी. साकेतनं हा फेरा वडिलांना समजावून सांगितला तेव्हा कमलाकररावांचा चेहरा खुलला. हे तर त्यांच्या ऑफिसासारखंच होतं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ते पुढे म्हणाले. "तुले यातलं एक धरा लागन, साकेत."

त्यानं एक धरलं, पण वडिलांना न आवडणारं धरलं. धर्मपालच्या संस्थेतला दहा महिन्यांचा वर्ग. निम्मा वेळ दोरावर, निम्मा वेळ झाडाखाली. जागा मोजक्या. शासनमान्यता वगैरे काही नाही. आणि प्रवेशाची अट अशी, की उमेदवारानं स्वतःच्या गावातलं एक इजा झालेलं झाड निवडायचं, पावसाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सांभाळायचं, आणि त्याला काय झालं होतं नि काय केलं ते फोटोंसकट येऊन सांगायचं. धर्मपाल फोनवर म्हणाला होता, की मार्कांवरून मला फक्त पोरगा कसा वाचतो ते कळतं, तो पाहतो कसा ते मला झाडावरून कळेल.

कमलाकररावांनी शेवटी तह केला. एकच संधी. संस्थेनं घेतलं तर खुशाल जा, घर आम्ही बघू. नाही घेतलं तर मालकानं नव्या साइटवर मॅनेजर करतो म्हटलंय, ती खुर्ची गुपचूप घ्यायची आणि झाडाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. प्राची म्हणाली, चालेल. साकेतही म्हणाला, चालेल. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, कारण मॅनेजरच्या खुर्चीत आपण किती वर्षं बसू हे त्याला नीट दिसत होतं.

झाड निवडायला त्याला लांब जावं लागलं नाही. काट्याच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, एक वड आहे. पानांवर कोळशाची काळी भुकटी, पारंब्या आखूड, तरी घेर असा की दुपारी पाच ट्रक सावलीत लागावेत. साकेतनं आषाढात तो नीट पाहिला तेव्हा रस्त्याकडच्या खालच्या फांद्यांची दशा पाहून त्याला वाईट वाटलं. फांद्या कापलेल्या नव्हत्या, ओढून तोडलेल्या होत्या. तुटल्या जागेपासून खोडाकडे सालपटं सोलवटून लोंबत होती, चीक वाळून काळा झाला होता. हे कुणाचं काम, हा प्रश्नच त्याला पडला नाही. समोरून दिवसभर ट्रक जात होते. ट्रकनंच केलं, दुसरं कोण करणार?

त्यानं ते तसं ठरवलं आणि कामाला लागला. फांद्यांना हात लावायला नगरपरिषदेची परवानगी लागते. त्यासाठी साकेतनं लिहिलेला अर्ज कमलाकररावांनी नुसता चाळला आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही. असा अर्ज तर तलाठ्याचा शिपाईही लिहीत नाही, म्हणत त्यांनी तो स्वतः पुन्हा लिहिला. परवानगी लवकर मिळाली. सुट्टीच्या रविवारी साकेत नागपूरला जाऊन धर्मपालकडून एकेक गोष्ट शिकून यायचा. फांदी खोडातून जिथे निघते तिथे तिला एक फुगीर वळी असते. ती सोडून कापायचं, ना तिच्या आत, ना लांब. वळी शाबूत राहिली तर झाड आपली जखम आपणच मिटवतं. वर डांबर नको, रंग नको, शेण नको. घरी कमलाकररावांनी विचारलं, निदान गेरू तरी? साकेतनं सांगितलं, गेरूही नको. त्या दिवशी ते अंगणातल्या कडुनिंबाकडे बराच वेळ बघत बसले.

साकेतनं खालचे फाटके खुंट शिडीवरून एकेक करून साफ केले. मग ट्रकशी लढाई मांडली. रस्त्याकडच्या फांद्यांना लाल फडकी बांधली, ड्रायव्हरांना गाडी पलीकडून घ्यायला लावलं, आणि चिठ्ठी देताना प्रत्येकाला वडाचं महत्त्व सांगायला लागला. ड्रायव्हर लोक त्याला वडवाले साहेब म्हणू लागले. पूनमसिंग नावाच्या एका जुन्या, भल्या ड्रायव्हरवर तर तो एकदा चांगलाच घसरला, कारण त्याच्या ट्रकच्या टपावर वडाची पानं सापडली होती. पूनमसिंग शांतपणे म्हणाला, "साहेब, पत्ते तर झाडावरून पडतेतच. मी फांदी कायले तोडू? उन्हाळ्यात मी झोपतो कुठी, याच्याच खाली ना?" साकेतला ते पटलं नाही. त्यानं संस्थेसाठी लिहीत असलेल्या हकिगतीत इजेचं कारण म्हणून ट्रकच लिहिले.

वडानं मात्र साकेतची लाज राखली. दिवाळीपर्यंत कापांच्या कडा गोल फुगून आल्या, पुरीची कड फुगते तशा. संक्रांतीनंतर खालच्या अंगाला नवे फुटवे आले, कोवळे, लालसर, हाताच्या उंचीवर. त्यातले काही साकेत दर महिन्याला मोजायचा. ओळखू यावेत म्हणून त्यानं आईच्या एका जुन्या पोपटी पातळाची किनार फाडून त्यांना पट्ट्या बांधल्या. उन्हाळ्यात, वणीची जमीन तव्यासारखी तापलेली असताना, तो टाकीतलं पाणी बादल्यांनी नेऊन वडाला घालायचा. एवढ्या मोठ्या वडाला दोन बादल्यांचं काय, असं कुणी म्हटलं तर तो म्हणायचा, झाडाला नसेल, मला बरं वाटतं. मोठ्या माणसानं असं वागावं का? पण माझं म्हणाल तर त्या बादल्या पाहिल्यावर मला तो माणूस आवडायला लागला.

ज्येष्ठ आला. संस्थेत जायचा दिवस आठवड्यावर होता. दुरुस्तीसाठी काटा दोन दिवस बंद होता, म्हणून साकेत घरी बसून फोटो लावत होता. शेवटचा फोटो काढायला तो पौर्णिमेच्या दुपारी वडाकडे गेला, आणि पाहतो तर वड ओरबाडलेला. खालचा एकही फुटवा जागेवर नव्हता. ज्या जखमा वर्षभर मिटत आल्या होत्या त्यांच्या शेजारी नव्या फाटल्या होत्या, सालपटं लोंबत होती, पांढरा चीक अजून ओला होता. साकेतला रडू आलं. आधी त्याला पूनमसिंग आठवला. मग समोर काट्याला लागलेली साखळी दिसली. काटा बंद. कालपासून इकडे एकही ट्रक आलेला नव्हता.

मग कोण? त्याच्या डोक्यात काहीच येईना. वटपौर्णिमा आहे हे त्याला ठाऊक होतं, सकाळी प्राची पूजा उरकून शाळेत गेलेली त्यानं पाहिली होती. पण सणाची फांदी त्याच्या लेखी बाजारातून येत होती, पिशवीतून दूध येतं तशी. बाजारात ती कुठून येते, असा विचार त्यानं जन्मात केला नव्हता.

तो घरी आला. देवघरापुढे पाटावर पितळी लोटा, लोट्यात वडाची फांदी, आणि उपासानं थोड्या सुकलेल्या सुचित्राबाई तिच्याभोवती सूत गुंडाळत होत्या. काट्याच्या रस्त्याला ट्रकांची रीघ लागल्यापासून त्या वडाला जात नसत. गुडघे दुखत, धूळ उडे, म्हणून पूजा घरातच. फांदी टवटवीत होती, पानं लालसर कोवळी. हळदीकुंकू वाहिलेलं. आणि फांदीच्या मध्यावर पोपटी पट्टी बांधलेली होती. पट्टीलाही कुंकू लावलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. साकेत दारातच खाली बसला.

"आई, हे फांदी कुठची?"

"रुक्माबाईकडची. यंदा किती नरम पानं भेटली पाह्य. ही चिंधी बांधेल फांदी मानाची हाय म्हने, म्हून तिनं जरा जास्तच घेतले." सुचित्राबाई कौतुकानं म्हणाल्या. "रंग पाह्यला का? माह्या जुन्या पातळासारखा हाय."

"आई, ते तुहंच पातळ होय."

सगळं सांगायला त्याला फार शब्द लागले नाहीत. सुचित्राबाईंच्या हातातलं सूत तसंच राहिलं. साकेत रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, पण तो नुसता बसून होता. त्यांचे डोळे भरून आले.

"तुह्या बाबांसाठी मागतेच मी दरवर्षी," त्या म्हणाल्या. "यंदा म्हटलं, माह्या पोराले त्या वर्गात घेऊ दे. हेच फांदी धरून म्हटलं रे."

साकेत उठला आणि आईजवळ जाऊन बसला. तिच्यावर त्याचा जीव होता आणि वडावरही होता, आणि त्या क्षणी त्याला दोघांचंही सारखंच दुःख होत होतं. फांदी काढून ठेवू का, असं सुचित्राबाईंनी विचारलं. तो म्हणाला, राहू दे, फेरे पुरे कर.

राग निघाला तो रुक्माबाईवर. ती बाजाराच्या तोंडाशी बसते. पोळ्याला पळसाच्या फांद्या, दसऱ्याला आपट्याची पानं, ज्येष्ठात वड, असा तिचा वर्षभराचा सणांचा धंदा. साकेत तिच्यापुढे जाऊन जे बोलायचं ते बोलला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की माझा हात जिथवर जाते तिथलंच मी तोडतो, भाऊ, वर चढाचं वय नाही. मी नाही तोडलं तर दुसरी तोडन. तुह्या घरच्याच घेऊन गेल्या ना? साकेत परत आला आणि ओसरीवर बसून राहिला. एवढी मेहनत करून, इजेचं कारण चुकीचं लिहून, ओरबाडलेलं झाड घेऊन संस्थेत काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा मालकाला हो म्हणून टाकावं.

कमलाकरराव शेजारी येऊन बसले. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतं. मुलाची खुर्ची पक्की होत आलीय याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही, असं त्यांनी पुढे प्राचीला स्वतः सांगितलं. उन्हाळाभर बादल्या वाहताना त्यांनी पोराला पाहिलं होतं. ऑफिसात साऱ्या नोकरीभर वापरलेली एक गोष्ट त्यांनी मुलाच्या हवाली केली.

"ज्या अर्जाले नाही म्हनता येत नाही ना, साकेत, त्याले आपनच पह्यले तारीख देऊन टाकाची. मंग तो आपल्या सोयीनं येते."

दुसऱ्या दिवशी काटा उघडताच साकेतनं आधी पूनमसिंगला चहा पाजून माफी मागितली. पूनमसिंग म्हणाला, हो गया साहेब, चलता हाय. आणि वर म्हणाला, की तशी आमची गलती नाही असंही नाही. रस्ता आमच्या गाड्यांनी भरला म्हणून माऊल्या इकडे यायच्या बंद झाल्या, नाहीतर त्या फांदी कशाला घेतील, वडालाच फेरे घालतील की. साकेतनं हेही ध्यानात ठेवलं.

संस्थेत इतर उमेदवारांची झाडं बघण्यासारखी होती. कुणाचा आंबा मोहरला होता, कुणाच्या चिंचेची पोकळी वाळून कोरडी झाली होती. साकेतनं आपले फोटो क्रमानं मांडले आणि शेवटचाही मांडला, फाटलेला. धर्मपालनं तो हातात घेतला.

"इजा कशानं झाली?"

"वर्षभर मी ट्रक म्हणत होतो. एका ड्रायव्हरशी भांडलोसुद्धा. खरं कारण माझ्या घरातच होतं, सर. आमची आई."

सगळे हसले. साकेतनं फांदीची गोष्ट सांगितली तसं हसणं थांबलं. आईनं ती फांदी धरून काय मागितलं ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

"मंग आता इलाज कोनावर करशील?" धर्मपालनं विचारलं. "झाडावर का आईवर?"

"दोघांवरही नाही. तारखेवर." आणि साकेतनं सांगायला सुरुवात केली. रस्त्यावर झुकलेल्या काही फांद्या ट्रकच्या उंचीसाठी तशाही काढाव्या लागणार आहेत. त्या आपण परवानगी घेऊन पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच काढायच्या, नीट, वळी सोडून. त्याच रुक्माबाईला द्यायच्या. बाजारात भरपूर फांद्या आल्या की ओरबाडायला कुणी जाणार नाही. वडाचं काम वडाच्या भल्यासाठी होईल, आणि सणही राहील.

निवडीचा फोन दोन दिवसांनी घरी आला तो कमलाकररावांनी घेतला, आणि घेतलं म्हणून कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, लेखी कधी मिळेल?

ते दहा महिने सोपे गेले नाहीत. वर्गातली विशीतली पोरं साकेतला काका म्हणत. पहिल्यांदा दोरावर वर गेला तेव्हा त्याचे पाय असे लटपटले, की खालून पोरांना वाटलं काका फांदी हलवून बघतायत. घर प्राचीच्या पगारावर चाललं. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. उन्हाळ्यात बस चुकली की ती करायची. पण साकेत सुट्टीला आला की त्याच्या हातावरचे दोराचे वळ बघून तीच हळद लावायची. तो घरी आला की गाठींचा सराव करी, आणि मग सुचित्राबाईंना लोणच्याच्या बरणीपासून कपड्याच्या दोरीपर्यंत सगळं सोडवत बसावं लागे. त्या दिवाळीला कमलाकररावांनी कडुनिंबाला चुना लावला नाही. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, जावक क्रमांक नाही म्हणून हळहळले, आणि दुसऱ्या दिवशी काच लावून आणलं. सुचित्राबाई मात्र कुणी विचारलं तर अजून तेच सांगत, काट्यावर आहे. सवय म्हणा, भीती म्हणा. नवीन कामाला दृष्ट लागते, असं त्यांच्या मनात असावं.

पुढचा ज्येष्ठ आला. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी पूनमसिंगनं आपला ट्रक रस्त्यात आडवा लावून वाहतूक पलीकडून वळवली, आणि साकेत दोरावरून त्याच वडात चढला ज्याला तो इतके दिवस खिडकीतून पाहत आला होता. खालून पहिला काप, मग वरचा, मग फांदी दोरानं अलगद खाली. खाली रुक्माबाई गोणपाट अंथरून बसली होती. फांदी आली की तिच्या लहान डहाळ्या करायची आणि वर बघून म्हणायची, आता ते घे, तिकडची, नरम पानाची. साकेत म्हणायचा, ती नाही निघायची, ती वडाची आहे. दोघं तासभर भांडत होते, आणि दोघांनाही मजा येत होती.

साकेतनं घरासाठी एक चांगली डहाळी बाजूला काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सुचित्राबाईंनी ती घेतली नाही. रुक्माबाईच्या बोहणीचं काय, म्हणाल्या, आणि पिशवी त्याच्या हातात देऊन बाजारात निघाल्या. रुक्माबाईपुढे बायकांची गर्दी होती. जी ती पानं चाचपून, फुटवा बघून फांदी उचलत होती. सुचित्राबाई वाकल्या, एक फांदी उचलली, आणि भेंडी मोडून पाहावी तशी उलटी करून तिचं बुड डोळ्यांजवळ नेलं. काप गोल होता, सरळ, सालपट कुठे फाटलेलं नव्हतं. शेजारची बाई बघत होती.

"पानं कायले पाहता, काकू?" सुचित्राबाई तिला म्हणाल्या. "बुड पाह्यत जा. फाटेल असन तर घेऊ नका. ओढून तोडेल फांदीची पूजा मी करत नाही आता."

त्या बाईनं आपली फांदी उलटी करून पाहिली. मग तिच्या मागच्या बाईनंही पाहिली. असं पाहायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं.

साकेत मागे पिशवी धरून उभा होता. सुचित्राबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पदर सावरला.

"आमच्या साकेतनं," त्या म्हणाल्या. "झाडाचा डॉक्टर हाय तो."